नानांचं जेवण

अनुसूयेचा नेम साधा होता. लग्न होऊन नागावला आली तेव्हा सासूबाईंनी घालून दिलेला: घरातल्या वडीलधाऱ्यांचं जेवण झाल्याशिवाय आपण अन्नाला हात लावायचा नाही. सासूबाई गेल्या. आता वडीलधारे म्हणून सासरे तेवढे उरले होते, मार्तंडनाना.

नाना अंथरुणाला खिळले होते. त्यांना गिळवत नव्हतं. ताकात कालवलेला मऊ भात ती चमच्याने ओठांशी नेई, नाना तोंड उघडत आणि मग कितीतरी वेळ खोकत राहत. काल घास श्वासनळीत गेला, ओठ निळे पडले. म्हणून आज अलिबागहून डॉक्टर प्राप्ती घरी आल्या.

त्यांनी तपासलं आणि ओटीवर येऊन अनुसूयेच्या नवऱ्याला, दत्तात्रेयाला सांगितलं, "काका, आता भरवू नका. ओठ ओले ठेवा, तेवढं पुरे."

"म्हणजे बापाला उपाशी ठेवू?"

"त्यांची भूकच गेलीय. शेवटाला असं होतं."

"मग नाकातून नळी घाला. हिचंही भागेल. नळीतून पेज गेली की नानांचं झालं, आपली ही जेवायला मोकळी."

"घालता येईल. पण ओढून काढायला लागले तर हात बांधावे लागतील. आणि त्याने दिवस वाढतील असं मी म्हणणार नाही. आधी त्यांना तर विचारू."

सगळे आत आले. डॉक्टर नानांच्या कानाशी वाकल्या. "नाना, भूक लागते?"

नानांनी मान हलवली. नाही.

"मग घास घेता कशाला? जीव घाबरतो ना?"

नानांचं बोट पांघरुणातून वर आलं, अनुसूयेकडे वळलं. "ती... राहते ना तशीच. हट्टी आहे."

दत्तात्रेय बायकोकडे पाहायला लागला. ती देवघरात गेली, समईची वात सारखी केली, हात जोडले. तिथे ती फार वेळ नव्हती. मग स्वयंपाकघरात जाऊन पान वाढून घेतलं, भात आणि वालाचं बिरडं, आणि ते घेऊन नानांच्या खाटेशेजारी येऊन बसली.

पहिला घास उचलला आणि हात मध्येच राहिला. नाना बघत होते. तिने घास तोंडात घातला. चावला. गिळला.

"काय केलंयस गो?" नानांनी विचारलं.

"बिरडं."

"मीठ?"

"जरा कमीच पडलंय."

"तुझं नेहमीचंच," नाना म्हणाले, आणि हसल्यासारखा श्वास सोडला.

दत्तात्रेय दारातच उभा होता. "आणि नळीचं काय करायचं?"

"नळी नको," अनुसूया हळूच म्हणाली. "त्यांचं जेवण झालंय."

तिने दुसरा घास कालवला. नानांनी तोंड मिटून घेतलं आणि डोळेही.