पेन्सिलीची रेघ

कॅमशाफ्ट ग्राइंड करून देणं हा माझा धंदा. इंजिनातला व्हॉल्व्ह किती उघडायचा, किती वेळ उघडा राहायचा आणि नेमका केव्हा, हे तो दांडा ठरवतो. गिऱ्हाईक येतं ते छाती फुगवून. प्रत्येकाला शर्यतीचा कॅम हवा असतो आणि जायचं असतं ऑफिसला.

वाद घालून घसा कोरडा करण्यापेक्षा मी मोटरसायकलच्या ॲक्सिलरेटरच्या मुठीशेजारी पांढरी पट्टी चिकटवतो आणि मुठीला पेन्सिलीचं शिसं बांधतो. मूठ फिरेल तशी रेघ उमटते. आठ दिवसांनी पट्टी काढायची. रेघ जिथं गडद, तिथं तुमचं इंजिन राहतं, कॅमही तिथलाच घ्यायचा. भल्याभल्यांची तोंडं उतरलेली मी पाहिली आहेत आणि, खोटं कशाला बोलू, मजाही वाटली आहे.

माझ्या स्वतःच्या गाडीत मात्र बावीस वर्षं शर्यतीचाच कॅम. ऐन उमेदीत केलेला, माझ्या हातचा सगळ्यात देखणा. कमी वेगात इंजिन आचके देतं, सिग्नलला बंद पडू नये म्हणून सारखी मूठ पिळत राहावं लागतं. बायकोनं मागे बसणं सोडलं, त्याला सहा वर्षं झाली. ती बसनं येते, मी गाडीनं, वाट एकच. भांडण असं नाही. पण घरी पोचेपर्यंत दोघंही दमलेली, दिवसभराचं बोलायचं राहूनच जातं. मला ते सलायचं, पण कॅमला दोष द्यायला जीभ रेटत नव्हती.

परवा सकाळी तिनं चहाच्या कपाशेजारी एक पट्टी ठेवली.

"वाच बरं."

पाव मुठीपर्यंत रेघ काळीकुट्ट, पुढे अर्ध्यापर्यंत पुसट. बाकी कोरी.

"कुणीतरी म्हातारा दिसतोय," मी म्हटलं. "याला शर्यतीचा कॅम देणाऱ्याचे कान उपटले पाहिजेत."

"उपट की! तुझ्याच गाडीची आहे. आठ दिवस मुठीच्या खालच्या अंगाला शिशासकट लावली होती, तुला पत्ता नाही."

मी चिडलो. कप तसाच टाकून दुकान गाठलं. पट्टी मात्र खिशात घेऊन गेलो होतो.

नवा दांडा घेता आला असता, पण मग जुना कपाटातून खुणावत बसला असता. म्हणून त्यालाच मशीनवर चढवला. लिफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह किती उघडतो ते, थोडीच उतरवली, व्हॉल्व्ह उघडा राहण्याचा काळ मात्र, फिरण्याच्या मापात, चांगला तीस अंशांनी कापला. ठिणग्या उडाल्या तेव्हा वाईट वाटलं.

आज संध्याकाळी मी तिच्या ऑफिसच्या दारात उभा राहिलो. ती मागे बसली. पहिल्याच सिग्नलला मी मूठ सोडून दिली.

"बंद पडली?" तिनं विचारलं.

"नाही. चालू आहे."

ती जरा वेळ ऐकत राहिली. मग हनुवटी माझ्या खांद्यावर टेकवून म्हणाली, "आज ऑफिसात काय झालं, सांगू?"

सिग्नल सुटला. मी गाडी हळूच काढली आणि लांबच्या रस्त्याला वळवली.