उताराच्या बाजूने एक हात

गल्लीत कुठलंही काम निघो, वजनमाप खात्यातून निवृत्त झालेल्या काकांची त्याला हरकत असायचीच. दुकानदारांच्या तराजूतली खोट शोधण्यात हयात गेलेली. निवृत्तीनंतर तराजू सुटले, खोट काढणं सुटलं नाही. दिव्याचे खांब बदलायचे? जुन्यांना काय धाड भरली होती? कचऱ्याला दोन डबे? लोक एकात नीट टाकत नाहीत, दुसऱ्यात काय दिवे लावणार! गतिरोधकाला तर त्यांनी असा विरोध केला, जणू तो त्यांच्या छातीवरच घालणार होते. लोक त्यांना तोंडावर हरकतकाका म्हणत, आणि काकांना ते मनातून आवडे.

गल्लीही काही दुधखुळी नव्हती. तिनं काकांचा चांगला उपयोग शोधून काढला होता. नगरपालिकेचे ते लांबलचक प्रस्ताव वाचत कोण बसणार? सभेला यायचं आणि काकांचा हात बघायचा. काका विरोधात, म्हणजे काम बरं असणार, असं धरून बाकीचे बाजूनं मत देत. अशानं दिवे आले, डबे आले, गतिरोधकही आला. ही युक्ती काका सोडून सगळ्यांना ठाऊक होती.

या खेपेचा प्रस्ताव फुटपाथचा होता. गल्लीच्या तोंडाशी तो चांगला उंच होता आणि एकदम तुटायचा. तिथं उतार करून समोरच्या बागेपर्यंत सपाट वाट न्यायची, असं पालिकेचं म्हणणं. त्यापायी काही गाड्यांची जागा जाणार होती, म्हणून गल्लीनं बहुमतानं हो म्हटलं तरच काम व्हायचं.

आणि काकांना हा उतार हवा होता. अगदी मनापासून हवा होता. आजारपणात काकूंची डावी बाजू गेली, तेव्हापासून त्या व्हीलचेअरवर होत्या. घर तळमजल्यावर, बाग खिडकीतून दिसणारी, पण मध्ये तो फुटपाथ. एकदा पहाटे, कुणी बघायच्या आत, काकांनी खुर्ची एकट्यानं खाली उतरवायला घेतली आणि दोघंही पडता पडता वाचली. त्यानंतर काकू उंबऱ्याबाहेर गेल्या नव्हत्या. गल्लीला ‘तिचे गुडघे धरलेत’ एवढंच सांगितलेलं. काकूंची तशी ताकीदच होती.

“सभेत माझं नाव काढायचं नाही,” सभेला निघताना त्यांनी पुन्हा बजावलं. “कीव करायला दारात रांग लागलेली मला चालणार नाही.”

“नाही काढत.”

सभा शाळेच्या वर्गात होती. मोठी माणसं पोरांच्या बाकांत गुडघे दुमडून बसली होती. पालिकेच्या इंजिनिअर बाईंनी फळ्यावर नकाशा लावून सगळं समजावलं. अध्यक्ष होते औषधाच्या दुकानाचे मालक. ते म्हणाले, “हं काका, होऊन जाऊ दे तुमचं एकदाचं.”

काका उठले. “माझा पाठिंबा आहे.”

बाकांवरची सगळी डोकी त्यांच्याकडे वळली.

“काका, बरं वाटतंय ना?” मागून कुणीतरी विचारलं. थोडं हसू फुटलं, पण ते टिकलं नाही.

“पण का?” समोरच्या घरातल्या शिक्षिकेनं विचारलं.

“काम चांगलं आहे.”

“एवढंच?”

“एवढंच.”

विरोधाला काकांकडे दहा मुद्दे असते. पाठिंब्याचा एकच होता, आणि तो सांगायची बंदी. ते खाली बसले.

“पाणी मुरतंय कुठेतरी,” शिक्षिका शेजारणीला म्हणाली.

“यांच्याकडे गाडी कुठाय? जागा आपली जाणार, यांचं काय जातंय?”

“कंत्राटदार नात्यातला असेल.”

मतदानाला काकांचा हात सगळ्यांआधी वर गेला, ताठ. तो बघून निम्मे वर निघालेले हात वाटेतच थांबले आणि डोकं खाजवून खाली आले. प्रस्ताव पडला. इंजिनिअर बाईंनी नकाशा गुंडाळला. पुन्हा येईल का हे काम, असं काकांनी त्यांना गाठून विचारलं. त्या म्हणाल्या, निधी आता पलीकडच्या गल्लीला जाईल.

फाटकाशी अध्यक्षांनी काकांच्या पाठीवर थाप मारली. “थोडक्यात वाचलो बघा! तुम्ही नेहमीसारखा विरोध केला असतात, तर आम्ही डोळे झाकून मंजूर करून बसलो असतो.”

“म्हणजे?”

“अहो, तुमचा हात बघूनच तर ठरवतो आम्ही. नेहमीच.” ते मोकळेपणानं हसले आणि दुकानाच्या दिशेनं गेले.

काकांना राग आला नाही. रस्ता ओलांडून, फुटपाथवर चढून ते घरी आले.

काकू दारातच होत्या. केस नीट बांधलेले, पायांत बाहेरच्या चपला. त्या एका हातानं कशा घातल्या, त्यांनाच ठाऊक.

“झाला मंजूर?”

“नाही.”

काकूंनी एकदा पायांतल्या चपलांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “राहवलं नाही ना तुम्हाला?”

“अगं, मी बाजूनं होतो. सगळ्यांत आधी हात वर केला.”

“बरं,” त्या म्हणाल्या. लहान मुलाला म्हणावं तसं. “मला तरी थापा मारू नका हो. या एका वेळी घरी बसला असतात, तर काय बिघडलं असतं?”

“काही नाही,” काका म्हणाले, आणि खाली बसून त्यांच्या पायांतल्या चपला काढू लागले.