मातीला जागा

“माती पाहिजे असेल तर सगळी घेऊन जा, तात्या. आम्हाला ती टाकायचीच आहे,” मुकादम म्हणाला.

तो हे चेष्टेने म्हणाला नव्हता. इथे गोदाम होणार होतं, आणि गोदामाचा पाया कठीण मुरमावर बसतो. वरची मऊ काळी माती त्याला चालत नाही. ती आधी खरवडायची, टिपरमध्ये भरायची आणि जुन्या दगडखाणीच्या खड्ड्यात नेऊन ओतायची, असं ठरलं होतं. खाणीइतक्याच अंतरावर कोणी जागा दिली, तर तिथे ओतायलाही मुकादमाची ना नव्हती. फक्त उद्या सकाळी मशीन येण्याआधी जागा सांगायला हवी होती.

“बघतो,” तात्या म्हणाले.

तात्या या जमिनीचे मालक नव्हते, वाटेकरी होते. लग्न झाल्यावर त्यांनी ही जमीन कसायला घेतली, तेव्हा इथे नुसता माळ होता. कुदळ मारली की ठिणगी उडायची. त्या काळी या भागात जमिनीचं मोल पाण्यावरून ठरायचं. तळ्याकाठची जमीन सर्वांत महाग. तिथून वर चढत जावं तशी ती स्वस्त होत जायची, आणि माळ तर फुकट दिला तरी कोणी घेत नसे. भावंडांच्या वाटणीत मालकीणबाईंच्या वाट्याला नेमका तोच आला होता. त्या तात्यांना म्हणाल्या होत्या, “पिकलं तर अर्धं तुझं. नाही पिकलं तर सगळं तुझं.”

उन्हाळ्यात तळं आटलं की तळाशी गाळ उघडा पडायचा. तात्या आणि त्यांची बायको तो टोपल्यांनी माळावर आणून पसरायची. लोक हसायचे. तळं डोक्यावर घेऊन निघालेत बघा, म्हणायचे. बरोबरीच्यांनी तात्यांचं नावच ‘गाळ्या’ पाडलं. पहिल्या वर्षी बोटभरही थर झाला नाही, आणि त्यातला निम्मा पावसाने धुऊन नेला. मग त्यांनी बांध घातले. पुढे शेजाऱ्याची बैलगाडी मिळू लागली. उन्हाळ्यामागून उन्हाळे गेले, थर वीतभर झाला, मग गुडघाभर. माळावर कांदा आला, मका आला, टोमॅटो आले. बायकोच्या टाळूवरचे केस मात्र टोपलीखाली जे विरळ झाले, ते पुन्हा आले नाहीत.

मग माळालाही गिऱ्हाईक येऊ लागलं. जमीन बघायला आलेला माणूस खाली वाकायचा, ढेकूळ उचलायचा, बोटांनी फोडून बघायचा आणि मान डोलवायचा. मालकीणबाईंनी कधी विकायचं नाव काढलं नाही.

त्यानंतर मोठा रस्ता आला, आणि अख्ख्या भागात जमिनीचं मोल जणू उठून दुसरीकडे राहायला गेलं. तळ्याकाठ रस्त्यापासून लांब, तो मागे पडला. माळ रस्त्याला लागून, तो सोन्याचा झाला. आता जमीन बघायला येणारा माणूस खाली वाकत नसे. तो वर बघायचा, विजेची तार कुठून जाते ते. मग रस्त्यापर्यंत चालत जाऊन यायचा. पायाखाली काय आहे, याची चौकशी कोणी करत नसे.

बाई गेल्या आणि त्यांच्या मुलाने जमीन विकली. मुलगा वाईट नव्हता. त्याने तात्यांचे हात हातात घेतले, उभं पीक काढून होईपर्यंत थांबला, ठरल्यापेक्षा जास्तच दिलं. तात्यांची तक्रार नव्हती. दुसऱ्याची जमीन कधीतरी सोडावी लागते, हे वाटेकऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत असतं. पण माती खड्ड्यात जाणार, हे त्यांना आजच कळलं.

घरी त्यांनी बायकोला सांगितलं. ती धान्य निवडत होती.

“आपल्याला जागा कुठं आहे? दोन खोल्या आणि एक ओटा,” ती म्हणाली. थोड्या वेळाने सुपावरचा हात थांबवून तिने विचारलं, “सगळी खड्ड्यात?”

तात्यांनी रुमालात थोडी माती बांधली आणि सायकल काढली.

रस्त्यापलीकडचा कांदेवाला त्यांचा जुना सोबती. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि ओशाळून सांगितलं की त्याचंही ठरलंय, पुढच्या महिन्यात तोही उठणार. त्याच्या शेजारच्या शेतात प्लॉटचे दगड रोवलेले होते. तिथे तात्या उतरलेच नाहीत.

तळ्याकाठी त्यांचा वर्गमित्र राहत होता. एके काळी त्याच्या रानासारखं रान नव्हतं. आता तिथे कमरेएवढं गवत होतं. मुलं शहरात, आणि हा भाव चढायची वाट बघत बसलेला. पीक उभं दिसलं की गिऱ्हाईक बिचकतं, मोकळी जमीन बरी, असं त्याचं म्हणणं.

“गाळ्या, अरे लेकीला स्थळ शोधतोयस का मातीला?” तो हसत म्हणाला.

“लेकीच्या वेळी पहिल्या घरात चहा तरी मिळाला होता.”

मित्राने मग चहा केला. माती मात्र घेतली नाही. रुमालाकडे बघून एवढंच म्हणाला, “आमच्याच तळ्याची ना रे ही?”

दुपार कलली तेव्हा तात्या टेकडीपलीकडच्या आजीबाईंकडे पोचले. त्या एकट्याच राहत. चार शेळ्या आणि खडकाळ जमिनीचा एक तुकडा. त्यांनी रुमाल सोडला, माती चिमटीत चुरली, नाकाशी नेली.

“कधी आणतोस?” त्यांनी विचारलं. जागा नाही, बघू, विचारून सांगते, यातलं काहीच त्या म्हणाल्या नाहीत. उठून वांगी कुठे लावायची, तेसुद्धा दाखवू लागल्या.

तात्यांचा चेहरा उजळला. मग त्यांनी मागे वळून आपण आलो ती वाट पाहिली. वाट कसली, दोन खडकांमधली फट होती. सायकलसुद्धा त्यांनी खांद्यावर घेऊन चढवली होती. टिपर टेकडीच्या पायथ्याशीच अडला असता. आणि टोपल्या वाहायच्या, तर त्यांची स्वतःची मानही आता वर धरवत नव्हती.

“रस्ता येणार म्हणतात इकडंपण,” आजीबाई म्हणाल्या. “रस्ता आला की आण मग. मी थांबते.”

रस्ता आला की मातीला कोणी विचारत नाही, हे तात्यांना सांगवलं नाही. त्यांनी मान हलवली, रुमाल तिथेच ठेवला आणि सायकल उचलली.

सकाळी मशीन आलं. मुकादमाने तात्यांकडे एकदा पाहिलं आणि टिपरवाल्याला खाणीची दिशा दाखवली. बायकोही आली होती. मशीनने पहिली ओढ घेतली तशी माती घडी पडत वर आली, ओलसर, गांडुळांसकट. “किती पटकन,” ती म्हणाली आणि घरी निघून गेली.

टिपरवाला नवा होता. त्याला खाणीचा काठ ठाऊक नव्हता. डावी बाजू पोकळ होती, वर्षभरापूर्वी तिथून एक ट्रॅक्टर खाली गेला होता. हे कोणीतरी सांगायला हवं, म्हणून तात्या चालत खाणीवर गेले आणि काठाशी उभे राहिले.

“येऊ दे,” त्यांनी हाताने खुणावलं. “येऊ दे. उजवीकडं घे. अजून. बस.”

टिपर थांबला. मागचा हौदा हळूहळू वर उठला आणि काळी माती एका दमात खाली गेली. आवाज फारसा झाला नाही. हौद्याच्या कोपऱ्यात थोडी चिकटून राहिली होती. टिपरवाला हौदा खाली घेणार, तोच तात्यांनी हात वर करून त्याला थांबवलं. बाजूला पडलेलं फावडं घेतलं आणि कोपरा खरवडू लागले.

“राहू द्या हो मामा, एवढीशी तर आहे,” टिपरवाला खिडकीतून म्हणाला.

तात्यांनी कोपरा स्वच्छ केला. फावडं जिथे होतं तिथे ठेवलं. पहिला टिपर निघून गेला. मागे दुसरा भरून उभाच होता. तात्या काठापासून दोन पावलं सरकले आणि त्यांनी हात वर केला.

“येऊ दे,” ते म्हणाले.