संयोगिताचा वाटा

परदेशी मदतीतून भाजीपाल्याचं शेडनेट मिळणार होतं, पण जमीन बाईच्या नावावर असेल तरच. साईराजचं लग्न व्हायचं होतं आणि आई बनुबाईचं वय अटीत बसत नव्हतं. म्हणून त्यानं लोणंदला दिलेल्या बहिणीला, संयोगिताला बोलावलं आणि वारलेल्या वडिलांच्या जमिनीतला एक तुकडा तिच्या नावावर करून घेतला.

शेडनेट उभं राहिलं, ढोबळी मिरची धरली. मग साईराज म्हणाला, "तपासणी झाली. आता हक्क सोडल्याची सही कर."

"न्हाई करत. कायद्यानं तो माझाच वाटा हाय. तू काय दान दिलं न्हाईस."

"मग हे घर तुला बंद."

संयोगितानं आईकडं पाहिलं.

"मी माझा वाटा माझ्या भावांना सोडला, तुझ्या आत्यांनी तुझ्या बापाला सोडला," बनुबाई म्हणाली. "तूच लय शहाणी निघालीस?" तिनं लेकीची पिशवी उंबऱ्याबाहेर ठेवली आणि कडी लावली.

विहीर साईराजच्या हिश्श्यात होती. त्यानं शेडनेटचं पाणी तोडलं. मिरची उभी वाळली. शेडनेट देणाऱ्या संस्थेच्या बाई येऊन बघून गेल्या. "हा तुमचा घरगुती प्रश्न आहे," एवढंच त्या म्हणाल्या.

संयोगितानं वाळलेली झाडं एकटीनं उपटली, कारण गावातली एकही बाई तिच्याकडं कामाला येईना. नंतर तिनं लोणंदहून बोअरची गाडी आणली. पाणी लागलं तेव्हा समोरच्या घराच्या ओट्यावर बसलेली बनुबाई उठली आणि आत निघून गेली.

सही संयोगितानं अजून केलेली नाही.