द्वारकाबाईंची पाण्याची भीती

“अगं बया, वहिनी, ह्या तर तिथल्याच सपाता!”

लक्ष्मीबाई लेकीच्या लग्नाचं बोलावणं घेऊन आल्या होत्या. पत्रिका हातात तशीच राहिली आणि त्या द्वारकाबाईंच्या पायांकडे बघत उभ्या राहिल्या. पायांत पांढऱ्या, मऊ, टॉवेलच्या कापडाच्या सपाता होत्या. बद्रीनाथांनी मालदीवहून दोन जोड आणले होते, एक मोठा आणि एक लहान. लहान जोड द्वारकाबाईंना असा बसला होता की त्यांनी तो गल्लीभर मिरवला होता.

“ह्यांनी आणल्यात,” त्या कौतुकानं म्हणाल्या. “कंपनीच्या टूरवरून.”

“ठाऊक हाय की! आमच्याबी आणल्यात. दर खोलीत ठेवल्या व्हत्या, एक बाप्याची, एक बाईची.”

द्वारकाबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू जरा उशिरानं गेलं. “म्हंजी, तुम्ही गेल्ता तिथं?”

“समद्याच गेल्तो. जोडीचीच टूर व्हती ना.”

बद्रीनाथांचं लासूर स्टेशनला मोटारपंपांचं दुकान, लक्ष्मीबाईंच्या मालकांचं बिडकीनला. ज्यांनी जास्त माल विकला त्या डीलरांना कंपनीनं चार दिवस मालदीवला नेलं होतं. बद्रीनाथांनी गारखेड्यातल्या घरी सांगितलं होतं, निव्वळ बाप्यांची टूर आहे. द्वारकाबाईंनी दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी बांधून दिली आणि नवरा विमानात बसणार म्हणून शेजारणींना पेढे वाटले. आपल्याला का नाही, हा प्रश्न त्यांच्या मनालाही शिवला नाही. बाप्यांची टूर म्हणजे बाप्यांची टूर.

लक्ष्मीबाई खुर्चीत बसल्या आणि सुटल्याच. “काय सांगू वहिनी! समुद्रात खांब रोवून त्याच्यावर खोल्या. लाकडाच्या पुलावरून जायचं. खोलीच्या मधोमध काचेची जमीन, खाली मासे पळत्यात. आपण पलंगावर अन् मासे आपल्या खाली! अन् ओसरीतून शिडी, थेट पाण्यात. पाणी असं नितळ, तळची वाळू दिसती. आमचे हे म्हणले, उतर, कोण बघतंय. मी मॅक्सीवरच उतरले बाई, गळ्याएवढ्या पाण्यात!”

“मग?” द्वारकाबाईंनी विचारलं. त्यांचा आवाज त्यांना स्वतःलाच लांबून आल्यासारखा वाटला.

“मग काय, तुमची लई आठवण काढली. तुम्हाला तेवढी पाण्याची भीती नसती तर कसं झालं असतं! बद्रीभाऊंनी सांगितलं समद्यांना. सांगताना डोळे भरले त्यांचे. चार दिवस खोलीतून भाईर नाय आले. काचेवर चादर टाकली, पडदे लावले, अन् टीव्ही बघत बसले. म्हणले, हिच्याबिगर पाण्यात उतरायला मन होत नाय. मी आमच्या ह्यांना म्हणलं, बघा, ह्याला म्हणत्यात पिरेम.”

लक्ष्मीबाई चहा पिऊन, कपाळाला कुंकू लावून घेऊन गेल्या. द्वारकाबाईंनी सपाता काढून दाराशी ठेवल्या आणि अनवाणीच आत आल्या.

पाण्याची भीती! पैठणची पोर ती. गोदावरीच्या काठावर वाढलेली. वडील तिला पाणकोंबडी म्हणायचे. भावांच्या आधी पैलतीर गाठून ती तिथून त्यांना वाकुल्या दाखवायची. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळसणाला जावईबापू पैठणला आले आणि मेहुण्यांनी दोघांना हौसेनं होडीत बसवलं. मधोमध गेल्यावर भावांनी होडी डोलवायला सुरुवात केली. मेहुण्याची थट्टा, दुसरं काय. बद्रीनाथांनी दोन्ही हातांनी फळी धरली. ओठ पांढरे पडले, कपाळ घामानं भिजलं. भावांच्या अजून लक्षात आलं नव्हतं. द्वारकीच्या आलं.

“मला भ्या वाटतंय!” ती जोरात ओरडली. “फिरवा होडी! मला भ्या वाटतंय!”

भाऊ तिच्याकडे बघतच राहिले. पण बहिणीचा चेहरा बघून गप्प झाले आणि होडी फिरवली. पुढे बद्रीनाथांनी तिला सांगितलं, लहानपणी थोरला भाऊ डोळ्यांदेखत विहिरीत गेला होता. सांगताना ते रडले. तिनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि म्हणाली, “कुणाला नाय कळायचं.”

आणि खरंच कुणाला कळलं नाही. माणसानं उभा जन्म विहिरीचं पाणी उपसायच्या मोटारी विकल्या, पण विहिरीत कधी वाकून पाहिलं नाही. कारागिराला पुढं करून स्वतः झाडाखाली थांबायचे. कुठल्याही तीर्थाला गेलं की द्वारकाबाई कुणाचा तरी हात धरून पायरीवरच बुडी मारायच्या आणि तांब्या भरून आणायच्या. “हिला भ्या वाटतं, मला काठावर थांबावं लागतं,” बद्रीनाथ चारचौघांत म्हणायचे. मग डोळे मिटून डोकं पुढं करायचे आणि त्या त्यांच्या डोक्यावर तांब्या ओतायच्या. खोटं एकदा बोललं की सांभाळावं लागतं. भित्री म्हटल्यावर पोहणार कशी? दिवाळसणानंतर द्वारकाबाई पोहल्या नाहीत. माहेरी गेल्या तरी नाही. त्याचं त्यांना कधी दुःखही वाटलं नव्हतं, आजपर्यंत.

संध्याकाळी बद्रीनाथ जेवायला बसले.

“कंपनीनं बायाबी नेल्या व्हत्या म्हणं.”

बद्रीनाथांचा घास हातात थांबला. मग तोंडात गेला. “कोण म्हणलं?”

“लक्ष्मीबाई येऊन गेल्या. मला का नाय नेलं?”

खरं काय ते द्वारकाबाईंना दुपारीच कळलं होतं. आपण गेलो असतो तर त्या शिडीवरून सरळ पाण्यात उतरलो असतो, आणि मग ओसरीत हे एकटे उरले असते. एवढंच बद्रीनाथांनी म्हणायला हवं होतं. द्वारकाबाईंनी ऐकून घेतलं असतं, वर भाकरीवर तूपही वाढलं असतं.

“तुला पाण्याचं भ्या वाटतं म्हणून,” बद्रीनाथ म्हणाले. “कढी वाढ जराशी.”

“मला?”

“मग कुणाला? साऱ्या भावकीला ठाऊक हाय.”

मान वर न करता, न अडखळता त्यांनी हे सांगितलं. द्वारकाबाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. तिथं लाज नव्हती की चोरीही नव्हती. माणूस खरंच विसरला होता. होडी, विहीर, मांडीवरचं डोकं, सगळं विसरला होता आणि बायकोनं अंगावर घेतलेली भीती तेवढी बायकोची म्हणून लक्षात ठेवली होती. परक्या बाईला घेऊन गेले असते तर त्या भांडल्या असत्या, माहेरी निघून गेल्या असत्या. आता भांडायचं कशावरून? जन्मभर फसवलं गेल्याचं आज कळत होतं आणि फसवणारा समोर बसून कढी मागत होता. त्यांनी कढी वाढली.

लक्ष्मीबाईंच्या लेकीचं लग्न पैठणलाच होतं. पाहुणे आदल्या दिवशी उतरले आणि सकाळी सगळे घाटावर गेले. नदी भरलेली, संथ होती. डीलर मंडळी धोतर-टॉवेलवर पाण्यात उतरली. बद्रीनाथ नेहमीप्रमाणे वरच्या पायरीवर बसले, शेजारी तांब्या.

“हिला धरा बरं का कुणीतरी,” त्यांनी हाक दिली.

“या वहिनी, धरा माझा हात,” लक्ष्मीबाई म्हणाल्या. “भिऊ नका, मी हाय ना.”

द्वारकाबाईंनी हात धरला. एक पायरी, दुसरी, तिसरी. पाणी कमरेला लागलं. तिथं थांबून त्यांनी लुगड्याचा कासोटा घट्ट ओढला, पदर कमरेला खोचला आणि लक्ष्मीबाईंचा हात सोडला.

पहिले दोन हात जड गेले. खांदे कुरकुरले. मग पाण्यानं त्यांना उचललं. मागं बायकांचा गलका झाला आणि एकदम थांबला. त्या शांततेत बद्रीनाथांचा आवाज तेवढा पाण्यावरून येत राहिला. “अहो धरा तिला! तिला भ्या वाटतं! धरा कुणीतरी!”

कुणी हललं नाही. म्हातारी बाई मधल्या धारेत जाऊन उताणी पडली होती आणि आभाळाकडे बघत होती. पैलतीर त्यांनी गाठलं नाही. तेवढा दम आता राहिला नव्हता. थोड्या वेळानं त्या सावकाश परत फिरल्या.

पायऱ्या चढून त्या वर आल्या तेव्हा डीलर मंडळी एकदा त्यांच्याकडे बघत होती, एकदा बद्रीनाथांकडे. बद्रीनाथांनी पायरीवरून बायकोकडे पाहिलं. पूर्वी होडीतून पाहिलं होतं, अगदी तसंच. आता हिनं काहीतरी बोलावं आणि आपल्याला वाचवावं.

द्वारकाबाईंनी पदर पिळला. तांब्या पायरीवर कोरडाच होता. तो उचलून त्यांनी बद्रीनाथांच्या हातात दिला आणि कपडे बदलायला निघून गेल्या.

बद्रीनाथांनी सवयीनं डोळे मिटले होते. रिकामा तांब्या मांडीवर धरून, डोकं पुढं करून ते तसेच बसून राहिले.