बरणीवरची आजी

दुकानात शिरलं की तिसऱ्या रांगेत आजींना स्वतःचाच चेहरा भेटायचा. एक नाही, चांगल्या दोन फळ्या भरून. कपाळावर पांढरी बट, गळ्यात एप्रन, हातात डाव आणि हनुवटीखाली मोठ्या अक्षरांत, ‘आजीचं टोमॅटो सूप, अगदी घरच्यासारखं’. आजी मान खाली घालून दूध-पाव उचलायच्या आणि पळ काढायला बघायच्या. पण कुणी ना कुणी गाठायचंच.

“अय्या, तुम्हीच ना त्या? आमचा धाकटा दुसरं काही खातच नाही बघा. त्यात नक्की घालता तरी काय हो?”

सुरुवातीला आजींनी इमानेइतबारे खुलासे केले. आपल्याला मूलबाळ नाही, तेव्हा आपण कुणाची आजीही नाही. आपण टेलिफोन ऑपरेटर होतो. घरात स्वयंपाक नवरा करायचा आणि इतका झकास करायचा, की आपण डावाला हात लावला तर त्याच्याच पोटात धस्स व्हायचं. तो गेल्यापासून आपण दूध-पावावर आहोत. कंपनीच्या एका पोरसवदा माणसानं आपल्याला रांगेत हेरलं, ‘काय गोड चेहरा आहे’ म्हणत स्टुडिओत नेलं, पातेल्यामागे वाफेची इस्त्री धरली आणि फोटो काढला. पातेल्यात सूप नव्हतंच, लाल पाणी होतं.

हे सगळं ऐकून माणसं म्हणत, “किती साध्या आहात हो तुम्ही!” आणि दोन बरण्या जास्त घेत.

शेवटी आजींनी हात टेकले. कुणी विचारलं की नुसत्या हसायच्या. त्या हसण्याचा अर्थ ज्यानं त्यानं आपापला लावावा. आजींना लवकर घरी जायला मिळे, तेवढंच पुरे होतं. रोज उठून माणसानं नाही-नाही तरी किती म्हणायचं? या वयात नाही म्हणायलाही दम लागतो.

समोरच्या घरातली शिलाईवाली घरातच मशीन चालवायची आणि अंथरुणाला खिळलेल्या आईला सांभाळायची. आईचं हृदय थकलेलं. एका दुपारी शिलाईवाली दारात आली.

“मावशी, जरा येता? आईला कुशीवर वळवायचंय. मला एकटीला उचलत नाही.”

आजी गेल्या. चादर बाजूला केली. म्हातारीचे पाय असे सुजले होते, की घोट्यांचा पत्ता नव्हता.

“डॉक्टर माझ्यावरच ओरडतात,” शिलाईवाली म्हणाली. “मीठ बंद करायला सांगितलं होतं, मग येतंय कुठून, म्हणतात. मी तर मिठाचा डबासुद्धा माळ्यावर टाकलाय, मावशी. अळणी जेवण आई थुंकून टाकते. पोटात जातं ते फक्त तुमचं सूप.”

“माझं?”

“सकाळ-संध्याकाळ. बरणीवर लिहिलंयच की, मीठ कमी. आणि तुमचं म्हटल्यावर मी कशाला बघतेय दुसरं काही?”

ओट्यावर रिकाम्या बरण्या ओळीनं पालथ्या घातल्या होत्या. प्रत्येकीवर आजी उलट्या लटकून हसत होत्या.

आजींनी त्यातली एक उचलून घरी आणली आणि खिडकीशी बसून भिंग लावलं. ‘मीठ कमी’च्या शेजारी एक चांदणी होती, मुंगीएवढी. तिचा खुलासा शोधायला बरणी गोल फिरवावी लागली. तो पार तळाशी सापडला. आमच्याच आधीच्या सुपापेक्षा, म्हणे! म्हणजे ते आधीचं सूप मिठागरच असणार. आणि मिठाचा आकडा लिहिला होता तो अर्ध्या वाटीचा. अर्ध्या वाटीवर कोण थांबतं? म्हातारी तर बरणीच्या बरणी पीत होती.

बरणीवर फोन नंबर होता. आजींनी तो लावला.

“बाळा, मी तुझी आजी बोलतेय,” पलीकडून सुरकुतलेला, प्रेमळ आवाज आला. “तक्रार असेल तर दोन दाब हं.”

आवाज भलत्याच कुणाचा होता. जन्मभर कानाला हेडफोन लावून बसलेल्या आजींना आधी संताप आला, मग त्या बाईची दयाच आली. तीही कुणाची आजी नसेल. दोन दाबल्यावर नुसतंच संगीत वाजू लागलं, ते थांबेचना. आजींनी फोन ठेवला आणि समोरच्या घरात जाऊन एका दमात सगळं सांगून टाकलं.

शिलाईवालीनं मशीन थांबवलं. “पण ‘हे सूप तुम्हीच करता ना?’ असं मागे मी विचारलं होतं, तेव्हा तुम्ही हसलात की.”

“हसले.”

“मी ते हो समजले.”

“सगळे तसंच समजतात,” आजी म्हणाल्या.

ती कडाडून भांडली असती तर बरं झालं असतं. पण तिच्यात तेवढंही त्राण उरलं नव्हतं. ती म्हणाली, “मग आता आईला काय देऊ, तेवढं सांगा.” आजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः सूप करायला घेतलं. पहिलं पातेलं करपलं. दुसऱ्यात लसूण इतका पडला, की त्यांनी स्वतःच खिडक्या उघडल्या. नवरा कुठून बघत असेल तर पोट धरून हसत असेल. तिसऱ्यांदा टोमॅटो उकडले, सोलले, गाळले, बेतानं मिरपूड घातली. मिठाचा कण नाही. चव बरी होती, निदान त्यांना तरी तशी वाटली.

शिलाईवालीनं वाडग्यातून पहिला चमचा भरवला. म्हातारीनं तो थुंकला. “हे कुणी केलं?”

“मी केलं,” आजी म्हणाल्या.

“छे! तुमच्या हातची चव मला माहीत नाही होय?” आणि तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. दुसऱ्या चमच्याला ओठ उघडलेच नाहीत.

शिलाईवालीनं आजींकडे एकवार पाहिलं, वाडगा उचलला आणि आत गेली. आली ती बरणी घेऊन. तेच सूप तिनं बरणीत ओतून आणलं होतं. फोटो दिसेल अशी बरणी आईसमोर धरून तिनं ते पुन्हा वाडग्यात ओतलं. म्हातारीनं फोटो पाहिला, आजींना पाहिलं आणि आ केला. एक चमचा, मग दुसरा. वाडगा रिकामा झाला.

“आता कसं! हे तुमच्या हातचं,” ती म्हणाली.

हसावं की रडावं, ते आजींना कळेना. रोज चुलीपुढे उभं राहणं आता नशिबी आलं होतं, तेही दुसऱ्याच्या नावावर. त्या वाडगा ठेवायला आत गेल्या, तर शिलाईवाली नळाखाली बरणी खसाखसा घासत होती. आजींनी तिचा हात धरला.

“हळू गं. कागद भिजवू नकोस. तो सुटला, तर उद्या आईच्या पोटात काही जायचं नाही.”