शेवटची पायरी

ठेकेदारीचा परवाना काढायचा म्हणजे काय ताप असतो, ते मिस्त्रीला वर्षभरात पुरतं कळलं होतं. लेखी परीक्षेत एकदा आपटून दुसऱ्यांदा कसाबसा पास झाला, दाखल्यांसाठी दारोदार हिंडला. आता एकच अडथळा उरला होता. पायापासून छपरापर्यंत स्वतःच्या जबाबदारीवर उभं केलेलं एक काम, तेही मालकासमोर, दाखवायचं होतं.

आयुष्यभर त्यानं दुसऱ्यांच्या नावावर कामं केली होती. स्वतःचं म्हणावं असं एकच होतं, थोरल्या बहिणीचं दुमजली घर. आणि ताई म्हणजे तोंडावर बोलणारी बाई.

तो आदल्या दिवशीच तिच्याकडे गेला. "ताई, उद्या तपासणी आहे. 'काम चांगलं आहे' एवढंच म्हण."

"घर चांगलंच आहे," ताई भाजी चिरता चिरता म्हणाली. "जिना चांगला नाही."

"तेवढं सोडून बोल ना."

"विचारलं तर सांगणार."

तपासणीला आलेल्या बाई शांत होत्या. त्यांनी भिंतींना ओळंबा लावला, न्हाणीघरात पाणी ओतून उतार पाहिला, मान डोलावली. मिस्त्रीच्या जिवात जीव आला. तेवढ्यात त्यांनी ताईला विचारलं, "तुमची काही तक्रार?"

"वर जाताना शेवटची पायरी सांभाळा," ताई म्हणाली. "बाकीच्यांपेक्षा उंच आहे."

बाईंनी टेप काढली. मिस्त्रीचा संयम सुटला. "जिना बांधून झाल्यावर हिनं वरची फरशी बदलली हो. पातळ ठरली होती, जाड दगडाची घेतली. वरची जमीन उचलली गेली, मग पायरी उंच होणारच."

"फरशी मी बदलली," ताई म्हणाली. "पण बसवली कोणी?"

भावंडांचं जुंपलं. बाई टेप गुंडाळत थांबून राहिल्या. दोघं दमल्यावर म्हणाल्या, "मालक मन बदलणारच. त्याचं पुढे काय होईल हे ठेकेदारानं बघायचं. दुरुस्त करून कळवा." आणि सही न करता गेल्या.

मिस्त्रीनं ताईशी बोलणं टाकलं. दुसऱ्या दिवशी छिन्नी-हातोडा घेऊन आला आणि सगळ्या पायऱ्यांवरच्या लाद्या उखडायला बसला. खालपासून प्रत्येक पायरीवर थोडा थोडा सिमेंटचा मसाला वाढवत ती जास्तीची उंची साऱ्या जिन्यात वाटून टाकायची होती. रागाच्या भरात वर कोणी आहे का, हे बघायचं राहून गेलं. जिन्यावर पाय ठेवायला जागा उरली नाही आणि भाऊजी वरच्या खोलीत अडकले. ताईनं त्यांचा चहा पिशवीत घालून दोरीनं खिडकीतून वर पाठवला.

"अर्धा सांडला," वरून आवाज आला. "तुमच्या भांडणात माझा काय गुन्हा?"

मिस्त्री खाली मान घालून हातोडा मारत राहिला. शेवटी न राहवून म्हणाला, "एक शब्द गिळला असतास तर आज परवाना हातात असता."

ताई पायथ्याशी उभी होती. "गेल्या वर्षी हे पडले, महिनाभर पाय प्लास्टरमध्ये होता. सगळ्यांना काय सांगितलं मी? चप्पल निसटली म्हणून. तुझ्या नावाला बट्टा नको म्हणून गिळलंच की. किती गिळायचं माणसानं?"

त्याचा हात थांबला. "मला का नाही बोललीस?"

"बोलले. दर वेळी 'बघतो' म्हणालास."

त्यानं हातोडा खाली ठेवला. "पाणी दे जरा." तिनं तांब्या आणून दिला. भाऊजींना मात्र शिडी लावून खिडकीतून उतरवावं लागलं, आणि उतरताना ते दोघांनाही मनसोक्त बोलले.

बाई पुन्हा आल्या. या खेपेला मोबाइलवर कोणाशी तरी बोलत, पायाकडे न बघता वर गेल्या आणि तशाच खाली आल्या. मग सही केली.

परवाना आला त्याच आठवड्यात समोरचे काका ताईला विचारायला आले, घर वाढवायचंय, तुमचा भाऊ कसा आहे? मिस्त्री तिथंच बसला होता. त्यानं ताईकडे काकुळतीनं पाहिलं.

"हात चांगला आहे," ताई म्हणाली. "पण मागे लागावं लागतं."

मिस्त्रीनं कपाळाला हात लावला. काका हसले आणि म्हणाले, मग उद्यापासूनच मागे लागतो.